अबोल्याचं तळं

हे तळं नीट पाहून घ्या. तळाचा खडा न् खडा दिसतो. बाहेरची शिकलेली माणसं म्हणतात, खाली खडक आहे म्हणून पाणी नितळ. म्हणू द्या. आमच्या गावात त्याचं कारण सगुणाई, असं सांगतात.

सगुणाई गुरं राखायची. तिने इथून हाळी दिली, की डोंगरापलीकडची परक्या गावची गुरंसुद्धा मुकाट घरी वळत, म्हणे. गावही तिच्यासारखंच तोंडाळ. त्या काळी खालच्या अंगाच्या देशमुखाने नवा पानमळा लावला आणि त्याच्या पाण्यासाठी या तळ्याचा बांध फोडायचं ठरवलं. दोन कोसांत दुसरं पाणी नव्हतं. बांध फुटता, तर चैत्राच्या आत गाव उठलं असतं.

चावडीवर तीनदा बैठक झाली. तीनही वेळा गाव देशमुखावर ओरडायला गेलं आणि एकमेकांवर ओरडून परत आलं. वरची आळी म्हणे, तुमच्या म्हशींनीच पाणी नासवलं. खालची आळी म्हणे, तुमच्या धुण्याने. देशमुखाचा कारभारी मिशीत हसत लिहून घेई : 'गावात एकमत नाही.'

तिसऱ्या बैठकीत सगुणाईचा घसा बसला. संतापाने ती बांधावर येऊन बसली. बोलता येईना, म्हणून नुसती बघत राहिली. म्हशी निघून गेल्या, गाळ हळूहळू खाली बसला, आणि त्याबरोबर तिच्या डोक्यातलाही बसला, असं सांगतात. दुसऱ्या दिवशी तिला लख्ख दिसलं. आपण ओरडतो तेव्हा देशमुखाला आपलं भांडण ऐकू जातं, नकार जातच नाही. आणि आपण ओरडत होतो ते भीतीने. गप्प बसून ती भीती शोधली, तर सापडेना.

घसा सुटला तेव्हा तिने गावाला एवढंच सांगितलं, "उद्यापास्नं समद्यांनी बांधावर बसायचं. तोंडातनं चकार शब्द काढायचा न्हाई. शिंक आली तर गिळायची."

गाव बसलं. तीन दिवस. इतकं निश्चल, की बगळ्याने सगुणाईच्या अंबाड्यात अंडं घातलं, म्हणे. मी ते पाहिलेलं नाही, पण बगळ्याला खोटं पाडणारा मी कोण?

चौथ्या दिवशी सकाळी देशमुख आला. बरोबर पहारी घेतलेले गडी, शास्त्रीबुवा, आणि मेण्यात माहेरी निघालेली बायको. दवंडी झाली, "बांध फोडायला कुणाची हरकत?"

कोणी पापणी हलवली नाही. शास्त्रीबुवांनी बोट वर केलं. "मौनं संमतिलक्षणम्! गाव राजी आहे."

मेण्याच्या पडद्याआडून हसू आलं. "बुवा, मौन मुनींचं असतं. हा अबोला आहे. आमच्या ह्यांच्याशी मी दिवाळीपासून धरलाय. विचारा त्यांना, संमती कितपत मिळाली ते."

देशमुख कानापर्यंत लाल झाला. "खणा!" तो गरजला. पुढच्या गड्याने पहार उचलली, सगुणाईकडे पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवली.

"सरकार, यांना येक शिवी तरी द्याया सांगा. नुसत्या बसल्याल्या मानसावर हात कसा उचलायचा?"

मग देशमुखानेच शिव्या देऊन पाहिल्या. पाण्यावरून फिरून त्या त्याच्याच कानावर परत आल्या. दिवस कलायच्या आत मेणा, गडी, शास्त्रीबुवा सगळे माघारी वळले. बांध तसाच राहिला, गावही. आणि त्या दिवसांत बसलेला गाळ पुन्हा कधी वर आला नाही, म्हणे.

आजही आमच्या ग्रामसभेत गप्प बसणं म्हणजे नकार. होकार द्यायचा तर तोंड उघडावं लागतं. गेल्या महिन्यात एक साहेब या तळ्यावर हॉटेल बांधायची योजना घेऊन आले. पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली आणि विचारलं, "कुणाची हरकत?" कोणी खोकलंही नाही. साहेब हरखले, पेढ्यांचे पुडे उघडले. आम्ही पेढे खाल्ले, हात धुतले, आणि सगळे उठून बांधावर येऊन बसलो. मी दोन पेढे जास्तच खाल्ले होते. किती दिवस बसावं लागेल, कुणी सांगावं?