गाईने मुरवलेलं गवत

एका माळरानाच्या कडेला एक गाय आपल्या लहानग्या वासरासह राहत असे. उन्हाळा आला, हिरवं गवत संपलं आणि उरलं ते नुसतं काडीसारखं वाळकं. त्याने पोट भरे, पण अंगी काही लागत नसे. गाईचं दूध आटत चाललं. वासरू ढुशा देऊन देऊन दमायचं. गाय दिवसभर काळजी करायची. काळजी करून दूध येत नाही, हे तिलाही कळत होतंच म्हणा.

शेवटी तिने म्हाताऱ्या म्हशीला विचारलं. म्हैस म्हणाली, "वाळकं गवत खड्ड्यात भर. त्यावर आपलंच मूत शिंपड, पायांनी चांगलं तुडव आणि वरून पानं-माती लिंपून टाक. तीन आठवडे उघडायचं नाही."

"शी! आणि ते मी खायचं?"

"आतल्या आत तिखट वाफ धरते. तिनेच काडी मऊ होते, गवताचा कस वाढतो. नाक नंतर मुरड."

गाईने सगळं नीट केलं. पण तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, आत सडत तर नसेल? तिने शिंगाने कोपरा उकरला, हुंगलं, पुन्हा माती लोटली. पाचव्या दिवशी तेच. सातव्या दिवशी तर दोनदा. (मुलांनो, भात शिजताना सारखं झाकण उघडणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत. नावं सांगणार नाही.) वाफ निघून गेली, हवा शिरली आणि गवताला काळी बुरशी आली.

"बाई गं, गवत मुरवत होतीस की त्याची विचारपूस करत होतीस?" म्हैस म्हणाली.

गाय रडवेली झाली. "वासरासाठीच हो, आजी! आता थोडंच गवत उरलंय. ते मी पुन्हा भरते, पण मला माझाच भरवसा नाही. तुम्ही खड्ड्यावर बसता का?"

म्हैस बसली आणि रवंथ करू लागली. गाय भोवती घिरट्या घाली.

"आजी, जरा सरकता?"

"नाही."

तीन आठवड्यांनी खड्डा उघडला, तेव्हा तिखट वासाने दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. तो उडून जावा म्हणून म्हशीने गवत दिवसभर वाऱ्यावर पसरायला लावलं. मग गाईने मऊ, पिवळसर घास तोंडात घेतला, आणि दुसराही. काही दिवसांतच वासराच्या तोंडाला दुधाचा फेस दिसू लागला. आता ते ढुशा देत नव्हतं. पोटभर पिऊन आईच्या सावलीत झोपत होतं.

तात्पर्य : माया असली तरी उतावीळपणाने काम बिघडतं; आपल्याला थांबता येत नसेल, तर थांबवणाऱ्याला जवळ बसवावं.