बिनपगारी कारकुनाची पोथी

"एकच पान लिहायचं. ते वाचून यंत्रानं एकही चूक करायची नाही. आणि मला एकही प्रश्न विचारायचा नाही! शनिवारपर्यंत जमलं नाही, तर सोमवारपासून काट्यावर दिसायचं नाही," नानासाहेब हेगिष्टे गादीवरून गरजले.

गुन्हा काय, तर हौसाबाई पोवार हसली होती. हेगिष्ट्यांच्या भांड्यांच्या पेढीत अठरा वर्षं ती काट्यावर भांडी तोलत होती, त्या काट्यावरच तिचं घर चालत होतं. पण हसू आलं, त्याला ती तरी काय करणार?

नानासाहेबांनी दोन जुन्या कारकुनांना घरी बसवून संगणकातला एआय कारकून आणला होता. त्याला पगार नको, रजा नको, चहासुद्धा नको. बिलं दुरुस्त करायच्या सगळ्या सोयी त्याच्या हाती दिलेल्या. त्या कशा वापरायच्या हे त्यानं पोथीत वाचायचं आणि कामाला लागायचं. ती पोथी लिहायला शहरातून दोन टायवाले विद्वान आले. महिनाभर पेढीचा चहा ढोसून त्यांनी दोनशे बारा पानं भरली. 'रक्कम बदला : या सोयीने रक्कम बदलता येते.' 'नाव बदला : या सोयीने नाव बदलता येते.' पळी कशाला, तर पळीनं वाढायला! काट्यापाशी येऊन कुणाला चार शब्द विचारावेत, तर विद्वत्तेला बट्टा लागला असता ना.

त्यातच एक ओळ होती : 'सुटे काढा : या सोयीने बिल सुटसुटीत होते.' यंत्रानं वाचलं आणि भराभरा बिलं सुटसुटीत केली. आता लग्नाच्या भांड्यांचं बिल शून्यावर संपवायचं नाही, वर एक रुपया ठेवायचा, ही पेढीची तीन पिढ्यांची रीत. यंत्रानं एकावन्न हजार एकचे सरळ एकावन्न हजार केले. ते बिल गेलं नानासाहेबांच्या होणाऱ्या व्याह्यांकडे. व्याह्यांनाही बिल लावणारा माणूस तो! अपशकुन झाला म्हणून व्याही फोनवर जे बोलले, ते अख्ख्या पेढीनं ऐकलं. हौसाबाई हसली ती तेव्हा.

"आन् जमलं तर?" तिनं विचारलं.

"मागशील ते," नानासाहेब म्हणाले. द्यायची वेळ येणार नाही याची त्यांना खात्री होती.

हौसाबाईनं दोन दिवस कागदाला हात लावला नाही. ती घरी बसवलेल्या दोन्ही कारकुनांकडे गेली आणि एकच विचारून आली, "बिल लिवताना तुमी कुठं कुठं थांबायचा?" मग वहीचं एक पान फाडून तिनं ते लिहून काढलं. शनिवारी टायवाल्यांनी नाक मुरडत यंत्रातून आपली पोथी काढून टाकली आणि तिच्या जागी ते पान दिलं.

नानासाहेबांनी मुद्दाम अर्धवट हुकूम सोडला, "पाटलांच्या बिलात पाच टक्के सूट टाक."

पडद्यावर अक्षरं उमटली : 'पाटील तीन आहेत. काट्यावर विचारतो.' हौसाबाईच्या कमरेचा मोबाइल वाजला. "कागलचे," ती तराजूवरून नजर न काढता म्हणाली. "परवा घागरींचा सौदा त्यांनीच केलाय." सूट बरोबर पडली.

"गेल्या महिन्यातलं त्यांचं बिल खोडून टाक."

'दिलेलं बिल खोडत नाही. दुरुस्तीची वेगळी चिठ्ठी जोडतो.'

"हे याला कुणी शिकवलं?" नानासाहेब भडकले.

"तुमच्या वडलांनी. गादीच्या वर पाटी लावलीया, 'दिलेला कागद खोडू नये'. तुमी वर बघत न्हाई, मालक."

"आणि प्रश्न विचारायचा नाही असं ठरलं होतं, त्याचं काय?"

"तुमाला विचारायचा न्हाई, असं ठरलं हुतं. विचारून उपेगबी काय? व्याह्यांचा फोन येईस्तवर रुपया गेलेला तुमाला तरी कुठं कळला हुता?"

पेढीवर कुणीतरी खोकल्यात हसू दडवलं. टायवाल्यांपैकी एकजण चिरक्या आवाजात म्हणाला, "पण एका पानात सगळं कसं मावेल?"

"तुमी यंत्राला काय काय येतं ते दोनशे पानांत लिवलं, सायेब. ते त्येला ठावंच हुतं. हात कुठं आवरायचा, ते लिवाया एक पान रग्गड झालं."

नानासाहेब आधी लाल झाले, मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि शेवटी ते गादीवर लोळून हसले. "हरलो बाई! बोल, काय पाहिजे?"

"दोन्ही कारकून सोमवारपास्नं कामावर. ह्या शहाण्याला विचारायला माणसं लागत्यात. मी भांडी तोलू का ह्येला उत्तरं देऊ?"

"दिले. आणि तुला पाच हजार बक्षीस. लिही रे!"

पडद्यावर उमटलं : 'शुभकार्य आहे का? काट्यावर विचारतो.'

कमरेचा मोबाइल वाजला. हौसाबाईनं तो निवांत कानाला लावला.

"हाय की," ती म्हणाली, आणि यंत्रानं लिहिलं : पाच हजार एक.