दोराचं दुसरं टोक

एकदा एका नदीकाठच्या गावात पोहायला शिकवणारा एक म्हातारा राहत असे. शाळा आणि बाजार दोन्ही पलीकडच्या तीरावर. पोहता न येणाऱ्या पोराला पावसाळ्यात होडीत पाय ठेवू द्यायचा नाही, असा गावाचा दंडक होता. पाठीला वाळका भोपळा आणि कमरेला दोर बांधून देवळामागच्या विहिरीत म्हाताऱ्याने दोन पिढ्या तयार केल्या. मग गुडघे गेले. तेव्हा त्याने ही विद्या आपल्या शिष्याच्या हवाली केली आणि डोक्याला ताप करून घेतला.

शिष्य पोहण्यात पटाईत. सूर मारी, पाण्यावर पद्मासन घालून तरंगे. मुलं पायऱ्यांवर बसून टाळ्या पिटत. श्वास कसा धरावा, हात कसा मारावा, याचं तो सुरेख निरूपण करी आणि मुलं ते घडाघडा म्हणून दाखवत. काही दिवसांनी म्हातारा काठी टेकत आला. त्याने एकेका पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. सगळी डोकी कोरडी.

"शिकवतोस की तमाशा दाखवतोस?" तो म्हणाला. "भिजलेला तू एकटाच दिसतोस मला."

शिष्याला ते झोंबलं. त्याच सुमारास गावचा एक व्यापारी शहरातून नवं ज्ञान घेऊन आला होता. मूल उपजतच शहाणं असतं, गुरूने मध्ये लुडबुड करू नये, असं तो भेटेल त्याला ऐकवी. शिष्याने दोर-भोपळे गुंडाळून ठेवले, ज्याला जसं सुचेल तसं शिका म्हणून सांगितलं आणि स्वतः कडुनिंबाखाली आडवा झाला. दांडगी पोरं खुशाल डुंबली. भित्री पोरं पायरीला चिकटून राहिली. व्यापाऱ्याची लेक मैना तेवढी पुढे गेली आणि गटांगळ्या खाऊ लागली. आरडाओरडा ऐकून शिष्याने उडी घातली, म्हणून वाचली. त्यानंतर पोर घंगाळातल्या पाण्यालाही भिऊ लागली.

पाऊस तोंडावर आलेला. आता मैनेची शाळा बुडणार म्हणून व्यापारी तणतणत आला आणि त्याने शिष्याचा उद्धार केला.

"शेट, ज्ञान तुमचंच होतं," म्हातारा म्हणाला. "उद्या पोरीला घेऊन या. बाकी तोंड मिटून बसा."

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने मैनेच्या पाठीला भोपळा बांधला, कमरेला दोर बांधला. मग खांद्यावरचं उपरणं काढून शिष्याचे डोळे करकचून बांधले आणि दोराचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.

"तात्या, मला दिसत नाही. मी शिकवू कसा?"

"दिसत होतं तेव्हा काय दिवे लावलेस? आधी पोरांना स्वतःचं पोहणं दाखवलंस. मग झाडाखाली पडून स्वतःचा शहाणपणा कुरवाळलास. दोन्ही वेळा तुझ्या डोळ्यांपुढे तूच होतास. पोहायचं तिने आहे. तुझ्याकडे फक्त दोर. तो काय सांगतो ते ऐक. घाबरली की ओढ, सावरली की सोड. मी बघतोय."

पहिल्या दिवशी शिष्याने दोर इतका ताणला, की मैना चिडून म्हणाली, "मला हलू तरी द्या." दुसऱ्या दिवशी अतीच सोडला, पोरीच्या नाकात पाणी गेलं आणि म्हाताऱ्याची काठी शिष्याच्या पाठीत बसली. पण हळूहळू हाताला उमजू लागलं. थरथर म्हणजे भीती, हिसका म्हणजे दमछाक, आणि दोर अलगद पुढे सरकू लागला म्हणजे पोर पोहते आहे.

एके सकाळी दोर असाच सरकत होता आणि एकदम सैल पडला. शिष्याने ओढला. रिकामा फास हातात आला. त्याने घाबरून पट्टी उपटली.

मैना पलीकडच्या पायरीवर उभी होती. "पायात येत होता," ती म्हणाली, "म्हणून मीच काढला."

शिष्य तिच्यावर ओरडणार, तोच म्हाताऱ्याने त्याचा खांदा दाबला. "गप. काढायला आधी दोर असावा लागतो."

शिष्याने ओला दोर गुंडाळला आणि पायरीला चिकटलेल्या पुढच्या पोराला हाक मारली.

फळ्यापुढे उभं राहणाऱ्याने घरी जाताना एवढंच तपासावं, की आज डोकं कोणाचं भिजलं.