गुरुजींनी खाल्लेला पाव

दोनेकशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका डोंगराळ गावात एक वृद्ध चित्रकार राहत असत. लोरेन्झ नावाचा तरुण त्यांच्याकडे रेखाटन शिकत होता. रोमला जाऊन शिकण्याची शिष्यवृत्ती मिळावी म्हणून तो जिवाचं रान करत होता. पुढच्या वर्षी त्याची शिष्यवृत्तीसाठीची वयोमर्यादा उलटणार होती, त्यामुळे ही संधी शेवटचीच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या टपालगाडीने एक निसर्गचित्र परीक्षकांकडे धाडायचं होतं.

आदल्या दुपारी टेकडीवरच्या जुन्या ओक वृक्षासमोर दोघे बसले. पेन्सिलीची रेघ पुसायला तेव्हा कोरड्या पावाचा आतला मऊ भाग वापरत; लोणी लागलेला पाव चालत नसे, कागद तेलकट होई. लोरेन्झने चांगला अख्खा पाव आणला होता. फांदी काढावी, नाक मुरडावं, पुसून टाकावी. मग त्याने झाडाशेजारी, तिथे नसलेल्या एका पडक्या मठाची कमान काढली आणि कमानीवर चंद्र. भर दुपारी चंद्र! पण परीक्षकांना तसलं आवडतं म्हणे. चंद्राला जागा हवी म्हणून ओकची वाकडी फांदी पुन्हा पुसली.

गुरुजींनी उरलेला पाव उचलला आणि शांतपणे खाऊन टाकला.

"अहो गुरुजी, हे काय केलंत!" लोरेन्झ रडकुंडीला आला. "आता चुकलं तर पुसू कशाने?"

"भूक लागली होती रे," असं म्हणून त्यांनी कोरा कागद पुढे केला.

लोरेन्झ चडफडत बसला. आता पेन्सिल टेकवायचीही धास्ती वाटू लागली. प्रत्येक रेघेआधी तो झाडाकडे टक लावून पाहू लागला. वीज पडून तडकलेली साल त्याला दिसली. त्या जखमेला वळसा घालूनच ती फांदी वाकडी वाढली होती. ऊन उतरलं तेव्हा कागदावर अर्धंच झाड होतं.

"अर्धं झाड कसं पाठवू?"

गुरुजी म्हणाले, "हाताशी पाव होता तोवर तू परीक्षकांसाठी काढत होतास. पुसता येतं म्हटल्यावर नीट पाहायची गरजच काय? पाव संपला, तेव्हा तुला झाड दिसलं. रोमचं मला ठाऊक नाही, बाळा. या टेकडीवर मात्र तू आज आलास."

लोरेन्झने अर्धंच झाड पाठवलं. शिष्यवृत्ती दुसऱ्याला मिळाली; त्याच्या चित्रात चंद्र होता. लोरेन्झला फार वाईट वाटलं. आठवडाभर तो टेकडीकडे फिरकला नाही.

मग एका सकाळी तो गुरुजींबरोबर पुन्हा टेकडीवर आला. ओकसमोर बसून त्याने शिदोरी उघडली आणि एक पाव गुरुजींपुढे ठेवला, एक स्वतःपुढे. दोन्हींना त्याने घरूनच जाड लोणी लावून आणलं होतं.