बांबूच्या पट्टीवरचं नाव

एक होता राजा, आणि त्या राजाच्या पदरी होता एक म्हातारा. त्याचं नाव पोयान. लांब तिकडे चीन देशात, पिवळ्या पाण्याच्या मोठ्या नदीकाठी ते राहायचे. राजाचं काम राज्य करायचं, पोयानचं काम ते लिहून ठेवायचं. लढाई झाली, लिही. पूर आला, लिही. सूर्याला ग्रहण लागलं, लिही.

तेव्हा कागद नव्हता बरं का. बांबू चिरून बोटभर रुंद पट्ट्या करायच्या, त्यांवर कुंचल्यानं अक्षरं काढायची, मग पट्ट्या दोऱ्यात ओवून गुंडाळी करून ठेवायची. चुकलं तर सुरीनं खरवडायचं.

पण ओल्या बांबूवर लिहून चालत नाही. त्यात गोड रस असतो. म्हणून पट्टी आधी निखाऱ्यांवर धरायची. मग बांबूला घाम फुटतो. हे काम पोयानची बायको करायची. चाळीस वर्षं केलं तिनं. पोयानला सदा घाई. "झालं का गं?" म्हणायचा. ती म्हणायची, "अहो, थांबा. अजून रडतोय तो. रडणाऱ्याच्या पाठीवर लिहितात का कुणी?" मग घाम पुसायची, पट्टी पुन्हा निखाऱ्यावर धरायची, कानाशी नेऊन नखानं वाजवायची. मनासारखी वाजली की मगच त्याच्या हातात द्यायची.

एका हिवाळ्यात ती आजारी पडली, आणि गेली.

घर तेच राहिलं. चूलही तीच. पोयान सकाळी उठून "झालं का गं?" म्हणायचा, आणि मग त्याला आठवायचं, ती नाही. मूलबाळ नव्हतं. त्याच्या मनात एकच यायचं. कुणा सरदाराच्या लंगड्या घोड्याचंसुद्धा नाव आपण लिहिलं, आणि हिचं नाव कुठंच नाही. सगळे तिला पोयानची बायको म्हणायचे. तोही 'अगं' म्हणायचा, नाव कधी घ्यायचा नाही. आपण गेलो की ते नाव माहीत असणारं कुणी उरणार नाही.

मग एक दिवस त्यानं काय केलं, ग्रहणाच्या ओळीखाली हळूच तिचं नाव लिहिलं. बघत बसला. कुणाला कळणार होतं? पण पोयान खरा माणूस. राज्याचं तेवढंच लिहायचं, ही त्याच्या वडिलांची शिकवण. त्यानं सुरी घेतली आणि आपल्याच हातानं नाव खरवडलं. भुसा खाली पडला, तो गोळा करून कनवटीला लावला.

मग तो राजाकडे गेला. "महाराज, एक नाव लिहू द्या."

"कुणाचं?"

"माझ्या घरातल्या माणसाचं."

प्रधान खो खो हसला. "आज याची बायको, उद्या माझी मावशी, परवा सरदारांची म्हैस! मग महाराजांना जागा कुठं उरणार?" राजाही हसला. पोयान घरी परत आला.

अशी तीन वर्षं गेली. पट्ट्या आता तो स्वतःच भाजायचा. घाम फुटला की पुसायचा आणि लगेच लिहायला घ्यायचा. वाटायचं, वाळली. पण घाम एकदा येऊन थांबत नाही. ते तिला ठाऊक होतं, आणि त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

एकदा राजाला आपला गेल्या सालचा मोठा विजय ऐकायची लहर आली. पोयाननं भर दरबारात गुंडाळी उलगडली. तर काय! भसकन पीठ सांडलं. अक्षरांच्या जागी नुसती भोकं. मग दुसरी उलगडली, तीही तशीच. मग तिसरी, तीही. तीन वर्षांचं राज्य पिठात गेलं.

राजा लाल झाला. "कुणी केलं हे?"

तेव्हा पिठातून एक इवलासा भुंगेरा बाहेर आला. मिशा झटकल्या आणि म्हणाला, "मी केलं, महाराज."

हो, बोलला. त्या काळी बोलायचे.

राजानं विचारलं, "मग जुन्या गुंडाळ्याही खाल्ल्यास का?"

"दात लागले तर खाईन ना! आज्यापणज्यांपासून आम्ही गुंडाळ्यांच्या खोलीत उपाशी. त्या बाईनं भाजलेल्या पट्टीत रसाचा थेंब सापडेल तर शपथ! माझी आजी मरेपर्यंत तिच्या नावानं बोटं मोडत होती."

"कोणती बाई?"

"ती हो, पट्टी कानाशी धरायची ती. ती दिसेनाशी झाली, आणि आमच्या पंगती सुरू झाल्या."

प्रधानसुद्धा हसला नाही. राजानं जुन्या गुंडाळ्या मागवल्या. त्याच्या वडिलांच्या लढाया, त्याचा स्वतःचा जन्म, सगळं जसंच्या तसं. जन्माच्या पट्टीवरून राजानं बराच वेळ बोट फिरवलं.

मग म्हणाला, "पोयान, राज्याची तीन वर्षं गेली. हे राज्याचंच झालं. लिहायला हवं."

"हो, महाराज."

"का गेली, तेही."

"हो, महाराज."

"मग तिचं नाव काय?"

आता पोयानच्या तोंडून नाव येईना. तीन वर्षं याचसाठी झुरला, आणि ओठ हलेनात. मोठ्यानं कधी घेतलंच नव्हतं ना. सगळे थांबले. भुंगेराही थांबला.

"सूलान," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, "सूलान."

आणि त्यानं लिहिलं, 'या साली राज्याची तीन वर्षं किडीनं खाल्ली, कारण सूलान नव्हती.' ती ओळ कुणी खरवडली नाही.

मग राजानं सुखानं राज्य केलं. भुंगेरा रानात हिरव्या बांबूकडे गेला आणि गलेलठ्ठ झाला. पोयानही बरा राहिला. आठवण यायची, ती येतेच. पण आता घरात एकटा असला की तो तिला नावानं हाक मारायचा.

चला, एवढंच. पांघरूण घ्या गळ्यापर्यंत, आणि मिटा डोळे.