तीन खुंट्यांचे जाते

निंबटेकच्या ख्रिस्ती मंदिराच्या आवारात, घंटेच्या खांबाजवळ, एका चौथऱ्यावर जाते मांडलेले आहे. जात्याला एक खुंटा असतो हे कोणालाही ठाऊक आहे. घर मोठे आणि दगड जड असला तर समोरासमोर दोन असतात. या जात्याला तीन आहेत. त्यांतले दोन हातांनी झिजून गुळगुळीत झालेले, आणि तिसरा बसवला त्या दिवशी होता तसाच खडबडीत.

नाताळात शहरातून पाहुणे येतात, जात्याभोवती फिरतात आणि जाणत्या माणसासारखी मान हलवतात. "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, नाही का?" मंदिराची देखभाल करणारे गमलिएल आजोबा हे वाक्य वर्षातून दहा वेळा तरी ऐकतात. "न्हाई," ते म्हणतात, "ते आमच्या पणजीचं कारस्थान हाय." मग पाहुण्यांना लिंबाखाली बसवून ते गोष्ट सांगतात. मधे कोणी बोललेले त्यांना खपत नाही, आणि फोटो गोष्ट संपल्यावर.

फार वर्षांमागे, गावात पिठाची गिरणी यायच्या कितीतरी आधी, निंबटेकात ख्रिस्ती घरे वीस-बावीस होती. त्यांतले सर्वांत भरलेले घर आजोबांच्या या पणजीचे, दुरपदाबाईचे. घरात खाणारी तोंडे चौदा आणि दळणाऱ्या दोघी, थोरली जाऊ दुरपदाबाई आणि धाकटी हौसाबाई. सासूबाई होत्या, पण पहिली सून उंबरठा ओलांडून आत आली त्या दिवशी त्यांनी जात्याला जो रामराम ठोकला, तो ख्रिस्ती झाल्यावरही मागे घेतला नव्हता.

दुरपदाबाईचा गळा गोड होता. घराने बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिने ओव्यांतली नावे बदलली, चाल मात्र तीच ठेवली. पहाटे तिची ओवी सुरू झाली की शेजारपाजारचे लोक अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत आणि म्हणत, काय राबते ही बाई!

राबत होती हौसा. दोघींनी दळताना एक लबाडी करता येते, ती ज्यांनी दळले आहे त्यांनाच कळेल. खुंट्यावर हात ठेवायचा, पण जोर लावायचा नाही. दगड फिरतो, त्याच्याबरोबर हातही फिरतो, बांगड्याही वाजतात. पाहणाऱ्याला वाटते दोघी ओढताहेत. खरे काय ते फक्त समोरच्या बाईच्या खांद्याला कळते. दुरपदाबाईने हे बारा वर्षे केले असे सांगतात. सुरुवात एका दुखऱ्या मनगटाने झाली. मनगट आठवड्यात बरे झाले, सवय राहिली. हौसा मुळातच कमी बोलणारी. ती कधी काही म्हणाली नाही, म्हणून दुरपदाबाईने धरून चालले की तिला कळलेले नाही.

अशात निंबटेकच्या मंदिरात उपदेशक म्हणून शीलास मास्तर आले. माणूस मोठा तळमळीचा. त्यांचे म्हणणे असे की पवित्र शास्त्र कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. चूल, केरसुणी, दिवा, सूप, ज्याला हात लावाल त्यात प्रभूचा धडा सापडेल. म्हणणे खरे होते, पण निंबटेककरांना अर्धवट ऐकून पूर्ण अमलात आणायची खोड होती. मास्तरांनी 'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात' यावर उपदेश केला, तो आठवडाभर एकाही घरातली आमटी तोंडात धरवेना. डोळ्यातल्या मुसळावर बोलले, तर लोक रस्त्यात एकमेकांच्या पापण्या वर करून बघू लागले. मास्तर स्वतः वार लावून घरोघर जेवत, त्यामुळे आपल्या उपदेशाची फळे त्यांना लागलीच चाखायला मिळत.

तरी त्यांनी धीर सोडला नाही. एका रविवारी त्यांनी मत्तयाचे शुभवर्तमान उघडले आणि जात्यावर आले. प्रभू येईल तेव्हा दोघी जात्यावर दळत असतील. एक घेतली जाईल, एक ठेवली जाईल.

मंदिरात अशी शांतता कधी झाली नव्हती म्हणे. मास्तरांना वाटले, आज वचन काळजात शिरले. ते शिरलेच होते. बायांच्या बाजूला जी ती आपली दळणाची जोडीदारीण कुठे बसली आहे ते चोरून पाहत होती.

सोमवारी पहाटे ख्रिस्ती आळीत एकही जाते वाजले नाही. जात्याच्या घरघरीवर उठणारी आळी उन्हे अंगावर आली तरी झोपलेली. बायांचा हिशेब सरळ होता. घेतली गेले, तर पोरांना कोण बघणार? आणि मागे राहिले, तर लोक काय म्हणतील? दोन्हीकडून अडचणच. त्यापेक्षा जात्यावर बसूच नये. सोमवारी घरोघर जोंधळ्याच्या घुगऱ्या शिजल्या. मंगळवारी घुगऱ्या. बुधवारी गडीमाणसे घुगऱ्यांची वाटी घेऊनच मास्तरांच्या दारात उभी राहिली.

मास्तरांनी बायांना गोळा करून समजावले, "अहो, घाबरवण्यासाठी नाही ते. जागे राहा एवढाच अर्थ. तो दिवस, ती घटका कोणालाच ठाऊक नाही."

"म्हंजी उद्या पहाटेबी येऊ शकतो?" एकीने विचारले.

"येऊ शकतो," मास्तर म्हणाले. खोटे कसे बोलणार?

गुरुवारीही घुगऱ्याच शिजल्या.

इतर बायांना नुसती शंका होती. दुरपदाबाईला खात्री होती. प्रभूने जात्यावर वाकून पाहिले, तर घाम कोणाच्या कपाळावर आहे हे काय त्याला दिसणार नाही? हौसा घेतली जाणार आणि आपण राहणार, हे तिला पाटीवर लिहिल्यासारखे दिसत होते. आधी तिच्या मनात आले ते असे, की मग चौदा जणांचे दळण एकटीने ओढावे लागेल. त्या विचारानेच तिचा दंड दुखू लागला. पण रात्री जेवणे झाल्यावर हौसा समोर बसून मुकाट्याने भांडी घासत होती, तिच्याकडे पाहता पाहता दुरपदाबाईला भलतेच वाटले. ही इथे नसेल तर? बारा वर्षांत या बाईवाचून आपला एक दिवस गेलेला नाही, हे तिच्या प्रथमच ध्यानात आले आणि तिला रडू फुटले. कोणी विचारले तर कांदा म्हणून सांगितले. घरात कांदा चिरलेला नव्हता.

त्यात हौसा त्या आठवड्यात रोज धुतलेले लुगडे नेसत होती. लुगडे पिठाने मळायचे नव्हते, एवढेच कारण, पण दुरपदाबाई मनाशी म्हणाली, ही तर जायच्या तयारीला लागली!

दुरपदाबाई स्वस्थ बसणाऱ्यांतली नव्हती. तिने ते वचन घरातल्या घरात फिरवून फिरवून पाहिले आणि त्यात फट शोधून काढली. शास्त्रात दोघी म्हटले आहे. तिघींचे काय करायचे ते कुठेही लिहिलेले नाही! तिने पाथरवटाला बोलावून जात्याला तिसरे भोक पाडून घेतले आणि त्यात बाभळीचा नवा खुंटा ठोकला. "कशापायी?" असे त्याने विचारले, तेव्हा ती म्हणाली, "प्रभूला घोटाळ्यात टाकायचंय." पाथरवट आपली हत्यारे गोळा करून लगबगीने निघून गेला.

तिसरी कोण? तर सासूबाई. "आत्याबाई, उद्यापासून तुम्हीबी बसायचं."

"मी? ह्या वयात?"

"घुगऱ्या खायच्या का भाकर?"

सासूबाईंना दात चार. त्या बसायला तयार झाल्या.

शुक्रवारी सकाळी दुरपदाबाईच्या ओसरीसमोर सारी ख्रिस्ती आळी लोटली. तिघींचे दळण पार पडले, तर घरोघर तिसरे भोक पाडायचे ठरले होते. भाकरीच्या आशेने शीलास मास्तरही आले. तिघी जात्याभोवती बसल्या. गुडघ्याला गुडघा लागला, कोपराला कोपर लागले, सासूबाईंनी दोघींना दोन शिव्या घातल्या आणि मग तीन हात तीन खुंट्यांवर पडले. दुरपदाबाईने जात्याच्या तोंडात मूठभर जोंधळा सोडला, डोळे मिटले आणि सूर लावला:

दळण दळिते मी, पांढऱ्या जोंधळ्याचं,
नाव घेते बाई, गव्हाणीतल्या बाळाचं.

ओवी फार सुंदर झाली. दुसरीही झाली. तिसरीच्या मध्यावर दुरपदाबाईला जाणवले की लोक हसताहेत. तिने डोळे उघडले. तीन खुंट्यांवर तीन हात होते आणि जाते जागचे हलले नव्हते. 'दळिते मी, दळिते मी' म्हणत तिने अडीच ओव्या घातल्या होत्या आणि पीठ चिमूटभरही पडले नव्हते.

सासूबाई म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघतीस? हात ठेवायचा न् जोर लावायचा न्हाई, ही विद्या मी तुझ्या आधीपास्नं जाणते."

लोक आणखी हसले. पण दुरपदाबाई सासूकडे बघत नव्हती. ती हौसाकडे बघत होती. हौसाचा हात खुंट्यावर नुसता पडला होता, सैल. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"हौसे, तू का गं ओढीना?"

हौसाने मान खाली घातली. ती म्हणाली, "मी ओढलं तर मला नेतील ना, आक्का. तुम्ही राहाल. मला न्हाई जायचं तुम्हाला सोडून. तुम्ही हात सैल ठिवता, मीबी ठिवते. राहू दोघीबी."

दुरपदाबाईचे लपवायचे ते सगळ्या आळीसमोर उघडे पडले होते, आणि तेही तक्रार म्हणून नव्हे.

"तुला ठावं होतं?"

"पैल्या दिवसापास्नं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही ओव्या म्हणत होता की. गाणंबी तुम्ही न् ओढणंबी तुम्हीच, असं कसं?"

दुरपदाबाई तिथेच, सगळ्यांसमोर, पदर तोंडावर घेऊन रडली. या खेपेला कांद्याचे नाव घ्यायची सोय नव्हती. "बारा वर्सं मी तुझ्या जिवावर दळलं गं," ती म्हणाली. "न्यायचं तर तुलाच नेऊ दे त्याला. पन आज तू बस. मी ओढते."

"मग मी म्हणते ओव्या," हौसा म्हणाली.

सासूबाई "आता माझं काय काम?" म्हणत उठल्या आणि त्यांचा खुंटा रिकामा राहिला. दुरपदाबाईने पदर खोचला आणि ओढले. तिच्या दंडांना कामाची आठवण उरली नव्हती. चार फेऱ्यांत धाप लागली. आणि हौसा गायला लागली, तेव्हा ती बारा वर्षे गप्प का होती याचा आळीला नीट उलगडा झाला. गोठ्यातली म्हैस दावे तोडू पाहत होती, असे आजोबा सांगतात. ते वाढवून सांगत असावेत.

दुरपदाबाईची ती दशा बघवेना, म्हणून हौसाने गाता गाता आपला खुंटा धरला. मग एक नवल झाले. दगड एकाएकी हलका झाला. इतका हलका, की तांब्याभर पाणीही त्यापेक्षा जड वाटावे. पीठ भराभर पडू लागले. "हौसे, एवढा जोर लावू नगस," दुरपदाबाई म्हणाली. "मी कुठं लावते? तुम्हीच ओढताय," हौसा म्हणाली. "खोटं बोलू नगं." "तुम्हीच बोलू नका." दोघींचे त्यावरून चांगले कडाक्याचे भांडण जुंपले. बारा वर्षांतले ते पहिले भांडण. प्रत्येकीचे म्हणणे एकच, की जोर माझा नाही, हिचा आहे. आणि दोघींच्या मधे तो तिसरा, रिकामा खुंटा गरगर फिरत होता.

शीलास मास्तर भाकरी विसरले. त्यांनी बगलेतले पुस्तक उघडले आणि पाने उलटून हवी ती जागा काढली. मग त्यांनी तिथेच ओसरीवर मोठ्याने वाचले, की जिथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमतात, तिथे त्यांच्यामध्ये मी आहे. पुढे ते काहीच बोलले नाहीत. आजोबांच्या मते हा त्यांचा सर्वांत चांगला उपदेश.

दुपारी घरोघर जाती वाजू लागली. भाकरी झाल्या. तिसरे भोक मात्र दुसऱ्या कोणी पाडले नाही. गरज कोणालाच उरली नव्हती.

पुढे गिरणी आली, दुरपदाबाई गेली, आणि तिच्यामागून चार महिन्यांनी हौसाबाईही गेली. जाते मंदिराच्या आवारात आणून ठेवले. आजही निंबटेकात ख्रिस्ती घरी लग्न निघाले, की हळद याच जात्यावर दळतात. नवरी आणि तिची होणारी सासू समोरासमोर बसतात. तिसऱ्या खुंट्याला कोणी हात लावत नाही. दळून झाले, की मंडळीतली सर्वांत वडील बाई दोघींना एकच विचारते, "जड कुणाला गेलं?" दोघींनी समोरचीकडे बोट दाखवायचे. दाखवले नाही, तर हळकुंडे पुन्हा घालायची आणि पुन्हा दळायचे.

चार वर्षांमागे एक शिकलेली नवरी आली. सासू म्हणाली, "हिला." नवरी म्हणाली, "हो, मलाच." उत्तरे तर जुळली होती, पण वडील बाईंनी हळकुंडांची टोपली पुढे सरकवली. दुसरे दळण झाले. वडील बाईंनी पुन्हा विचारले. नवरी बोलणार तेवढ्यात सासूने कपाळाचा घाम पुसायला हात वर केला आणि तिच्या तळव्यावरचे फोड नवरीला दिसले. मग त्या मुलीने सासूकडे बोट दाखवले, आणि ते दाखवता दाखवताच उठून तिचा हात आपल्या हातात घेतला.