चिंचगावची विहीर

फार पूर्वी, जनावरं गावांची नावं माणसांपेक्षा जास्त मनावर घ्यायची तेव्हा, मराठी आणि कानडी मुलखाच्या सीमेवर एक गाव होतं. तिथल्या मोठ्या चिंचेवरून मराठी बोलणारे त्याला चिंचगाव म्हणत. कानडीत चिंचेला हुणसे म्हणतात, म्हणून कानडी बोलणारे त्यालाच हुणसेहळ्ळी म्हणत.

एका दुपारी गौरव्वा शेळी तिथल्या विहिरीत पडली. ते पाहून मराठी बोलणारी साळुंकी हत्तीकडे उडत गेली. "अण्णा, चिंचगावच्या विहिरीत शेळी पडलीय, धावा!"

हत्ती धापा टाकत विहिरीवर आला. शेळी गळ्यापर्यंत बुडाली होती. पण हत्ती कामाला चोख. त्याने वाकून विचारलं, "अक्का, चिंचगाव हेच ना?"

"छे! ही हुणसेहळ्ळी," गौरव्वा पाण्यातूनच ठसक्यात म्हणाली.

"माफ करा. मला चिंचगावला बोलावलंय," असं म्हणून हत्ती वळला.

शेळीचे पाय थकले, पाणी नाकाला लागलं, तशी ती ओरडली, "अण्णा, चिंचगाव! हेच चिंचगाव!"

हत्तीने लगेच सोंड घालून तिला बाहेर काढलं. उन्हात कान झटकून झाल्यावर मात्र गौरव्वाला स्वतःचाच राग आला. "जीव जात होता म्हणून तसं बोलले," ती म्हणाली. "खरं नाव हुणसेहळ्ळीच."

हत्तीचा चेहरा पडला. "म्हणजे मी भलत्याच शेळीला वाचवलं! ती बिचारी तिकडे चिंचगावात बुडत असेल."

त्याने गौरव्वाला अलगद उचललं, विहिरीत होती तिथे परत ठेवलं आणि चिंचगाव शोधायला धावत सुटला.